आई मशीनपाशी आहे

ता. 3, सोमवार

अकरा सेकंद!

आज मीटिंगमध्ये साहेबांनी आपला फोन सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला, ‘सत्तावीस नंबर कुठे आहे’ यावर बोट दाबलं, आणि आम्ही नऊ जण त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसलो. अकरा सेकंदांनी उत्तर आलं : बस तुमच्या थांब्यावर येत आहे. तोवर ती आमच्या खिडकीखालून निघूनही गेली होती. मी स्वतः पाहिली, मागच्या काचेला चिकटलेल्या माणसासकट.

साहेब म्हणाले, “बस दिसल्यावर प्रवाशाला कळतंच की बस आली. मग आपण इथे करतो काय?”

सगळे आपापल्या वहीत बघायला लागले. मग मीच उठलो. एकदा बोलायला लागलो की मला थांबवत नाही, हे मी कबूल करतो. म्हटलं, साहेब, आपल्या शहरातल्या झाडून साऱ्या बसगाड्यांची माहिती एकाच डेटाबेसमध्ये आहे. प्रवाशांना उत्तरं द्यायला सहा सर्व्हर आहेत, पण ते सहाही जण प्रत्येक प्रश्नाला उठून त्या एकट्या डेटाबेसकडे पळतात. तिथे लागते रांग. त्यापेक्षा प्रत्येक सर्व्हरजवळ, नुकत्याच दिलेल्या उत्तरांचा छोटा साठा ठेवू. कॅशे म्हणतात त्याला. तोच प्रश्न पुन्हा आला, की द्या साठ्यातून. डेटाबेसला त्रासच नको.

साहेबांना पटलं. एक आठवडा दिलाय. रोजची नोंद ठेव म्हणाले, म्हणून ही डायरी. ऑफिसला दाखवायच्या नोंदी ऑफिसात, खऱ्या इथे.

फक्त टेस्टरबाईंनी नाक खुपसलं. आम्ही बनवलेलं मोडून दाखवणं हे त्यांचं काम, आणि ते त्या फार आवडीने करतात. म्हणाल्या, “पण मुळात डेटाबेस हळू का आहे, ते कुणी बघितलंय का?”

मी म्हटलं, “बाई, काही जण असतातच हळू. स्वभाव आहे तो.”

ता. 5, बुधवार

आज घरी एक विलक्षण गोष्ट माझ्या लक्षात आली. अठरा वर्षं संसार करतोय आणि आज लक्षात आली!

ही मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली होती. नाटक कंपन्यांचे कपडे शिवते ती. आत्ता कुठल्यातरी राजाचा अंगरखा चालू आहे. मी बाहेर स्टॉपवॉच घेऊन बसलो. एका तासात घरातून तिला तेवीस प्रश्न गेले. कन्येचे बारा : निळे मोजे कुठेत, चार्जर कुठंय, मी कुठली वही शोधत होते. (शेवटच्याचं उत्तरही हिने बरोबर दिलं.) कन्या पंधराची आहे, तिला सगळे ठिणगी म्हणतात, का ते तिच्याशी दोन मिनिटं बोललं की कळतं. आमच्या तीर्थरूपांचे सात, त्यातले तीन चष्म्याबद्दल. उरलेले चार माझे, पण ते कामाचे होते.

उत्तर मिळायला सरासरी लागणारा वेळ : एकेचाळीस सेकंद!

कारणही पाहून ठेवलं. शिवताना तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असतात, सात-आठ. प्रश्न आला की ती हात थांबवते, टाचण्या एकेक करून काढते, फडक्याला लावते, उत्तर देते, पुन्हा एकेक तोंडात धरते. तेवढ्यात पुढचा प्रश्न. तिची मनगटावर बांधायची टाचणगादी हरवलीय, येताना आणशील का, असं मागच्या महिन्यात बहुतेक म्हणाली होती. राहून गेलं.

तर हे घर म्हणजे आमचं ऑफिसच की! तीन सर्व्हर आणि एक बिचारा डेटाबेस.

जेवताना ही म्हणाली, “मला जरा बोलायचंय. नाटक कंपनीचं पत्र आलंय. सहा आठवड्यांचा दौरा आहे, कपड्यांचं सगळं खातं माझ्याकडे देतायत. वीस तारखेला निघायचं. इतकी वर्षं मी शिवलेले कपडे मी कधी रंगमंचावर पाहिलेलेच नाहीत रे. जाऊ का? तुला काय वाटतं?”

मी म्हटलं, थांब, माझ्या डोक्यात एक फार मोठी कल्पना शिजतेय, आधी ती सांगतो. आणि सांगितली. दीड तास बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. हिचा हा गुण मला आवडतो.

ता. 8, शनिवार

आज घरात कॅशे बसवला.

बुटांचे तीन रिकामे खोके घेतले : एक बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, एक ठिणगीच्या खोलीत. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं हिच्याकडून एकदाच लिहून घेतली, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन चिठ्ठ्या केल्या. एकशे आठ चिठ्ठ्या. माझं मनगट धरलंय.

नियम असे. एक : काही विचारायचं असेल तर आधी खोका बघायचा, चिठ्ठी वापरली की पाठीवर पेन्सिलीने खूण करायची. दोन : काही बदललं तर हिने मशीनजवळच्या रजिस्टरमध्ये लिहायचं, तेच मूळ. रविवारी मी रजिस्टर बघून चिठ्ठ्या बदलणार. तीन : ज्या चिठ्ठीवर सात दिवसांत एकही खूण नाही, ती केराच्या टोपलीत. कुणाला नकोच असलेली माहिती सांभाळायची कशाला?

तिसरं काम तीर्थरूपांकडे दिलं. ते आयुष्यभर वजनमापं तपासत फिरले, निवृत्त झाल्यापासून कुणाला पकडता येत नाही म्हणून कासावीस असतात. आज दहा वर्षांनी तरुण दिसले.

सर्वांत खपाची चिठ्ठी क्रमांक 14 : ‘आई कुठे आहे? – मशीनपाशी.’ ही मात्र जाड पुठ्ठ्यावर केली, कारण हिला सगळेच शोधत असतात आणि ती सदान्‌कदा तिथेच असते.

मागच्या खोलीच्या दारावर पाटी लावली : ‘विचारण्याआधी चिठ्ठी बघा.’

ही म्हणाली, “आणि माझ्या पत्राचं?”

“त्याचीही चिठ्ठी कर की,” मी म्हटलं. “नियम सगळ्यांना सारखा.”

तिने केली. बाहेरच्या खोक्यात ठेवली. माझ्या हातात पुठ्ठा आणि कात्री होती, म्हटलं सावकाश वाचतो.

ता. 11, मंगळवार

ऑफिसात कॅशे चालू झाला. अकरा सेकंदांचं उत्तर पापणी लवायच्या आत! साहेबांनी माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की चहा सांडला.

घरी तेवीस प्रश्नांवरून चारवर आलोय.

टेस्टरबाई जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “एखादी बस रद्द झाली, तर त्या सहा साठ्यांना कोण सांगणार?”

“पुढच्या टप्प्यात बघू.”

“आणि डेटाबेसच बंद पडला तर?”

“तर जुनं उत्तर दाखवायचं. प्रवाशाला काहीच न दाखवण्यापेक्षा ते बरं.”

“कुणासाठी बरं?” त्या म्हणाल्या. “अधूनमधून डेटाबेसला नुसतं विचारून तरी बघा. आहेस ना रे बाबा, एवढंच.”

म्हणजे ज्याचा त्रास वाचवायचा त्यालाच परत त्रास द्यायचा! काही माणसांना चांगलं बघवत नाही.

ता. 13, गुरुवार

किरकोळ अडचणी. ‘आजोबांनी सकाळची गोळी घेतली का? – हो, घेतली’ अशी चिठ्ठी शनिवारी केली होती. तीर्थरूप रोज सकाळी ती वाचतात, खूण करतात आणि समाधानाने पेपर उघडतात. पाच दिवस गोळी पोटात गेलेली नाही. तब्येत ठणठणीत आहे, हे त्यातल्या त्यात लाजिरवाणं.

ठिणगीने छत्री हातात असताना अर्धा तास छत्री शोधली, कारण चिठ्ठीत ‘दारामागे’ लिहिलं होतं. मी विचारलं, “अगं, हातात काय होतं?” तर म्हणते, “बाबा, तूच म्हणालास ना, आधी खोका?”

मुलगी शिस्तीत आली म्हणायची.

ता. 15, शनिवार

पहिली साफसफाई. तीर्थरूपांनी चष्मा लावून तिन्ही खोके तपासले. एकूण नऊ चिठ्ठ्या बाद. हिवाळ्याचे स्वेटर, माळ्यावरच्या पेटीची किल्ली वगैरे. एक जरा लांबलचक होती, ‘दौऱ्याला जाऊ का, वीसच्या आत सांगा’ असं काहीसं. पाठ कोरी करकरीत.

ही दारातच उभी होती. “बाबा, ती टाकली?”

“सात दिवसांत कुणी बघितलीच नाही, सूनबाई,” तीर्थरूप म्हणाले. त्यांनी तिला चिठ्ठीची पाठ दाखवली. या बाबतीत ते अगदी चोख आहेत.

“खरंय,” ती म्हणाली. “कुणीच नाही बघितली.”

थोडा वेळ टोपलीकडे बघत राहिली, मग आत गेली आणि मशीन सुरू झालं. मला वाटलं होतं कुरकुर करेल, पण नियम पटला असावा.

ता. 16, रविवार

आज रजिस्टर बघून चिठ्ठ्या बदलायचा दिवस. पण बदलण्यासारखं काही असेल तर हिने सांगितलंच असतं, असा विचार करून बघितलं नाही. दुपारी छान झोप लागली.

ता. 18, मंगळवार

कामाचा ढीग आहे म्हणून ही दोन दिवस मागच्या खोलीतल्या दिवाणावरच झोपते. फ्रीजमध्ये डबे भरून ठेवलेत, वर नंबर आणि वार : गुरुवार 1, गुरुवार 2, शुक्रवार 1... मला भरून आलं. तीही आता सिस्टिमने विचार करायला लागली.

संध्याकाळी बाहेर येऊन माझ्यासमोर बसली. हात मांडीवर, तोंडात एकही टाचणी नाही. म्हणाली, “तुला मला काही विचारायचंय का?”

मी मनापासून विचार केला. खोक्यात डोकावूनही बघितलं. “नाही गं. सगळं आहे इथे.”

“बघ हं.”

“अगदी सगळं,” मी म्हटलं. तिला मोकळं केल्याचं केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू.

ता. 20, गुरुवार

विशेष काही नाही. सकाळी पुढचं दार वाजल्यासारखं वाटलं. मशीनचा आवाज नाही, म्हणजे हातशिलाई चालू असणार.

आज डेटाबेसला गेलेले प्रश्न : शून्य! एक प्रश्न नाही की ज्याचं उत्तर खोक्यात नव्हतं. ऑफिसात अजून हे जमलेलं नाही.

ता. 22, शनिवार

सलग तिसरा दिवस शून्य.

दुपारी एका बाईंचा फोन आला. तीर्थरूपांना ऐकू कमी येतं, पण फोन उचलायची हौस दांडगी. संभाषण मी त्यांच्या तोंडून ऐकलं ते असं.

बाई : घरी सगळे बरे आहेत ना? सूनबाई आहेत का हो?

तीर्थरूप : थांबा, बघतो. (चिठ्ठी क्रमांक 14 बघून, खूण करून) आहे. मशीनपाशी आहे. कामात आहे. काही निरोप?

मग म्हणे पलीकडे ती बाई हसायलाच लागली. हसता हसता बहुतेक रडलीसुद्धा. शेवटी म्हणाली, “तिला सांगा, पहिला प्रयोग फार छान झाला.”

तीर्थरूपांनी निरोप चिठ्ठीवर लिहून खोक्यात ठेवला. “आवाज ओळखीचा वाटला रे,” म्हणाले. “गोड आहे बाई.”

एखादं गिऱ्हाईक असेल.

ता. 23, रविवार

फ्रीजमध्ये ‘रविवार 2’ हा शेवटचा डबा निघाला. त्याच्या झाकणावर लिहिलंय : ‘यापुढचं मला विचारा.’ तशी चिठ्ठी कुठल्याच खोक्यात सापडली नाही. उद्या बघू.

ता. 24, सोमवार

आज जसं घडलं तसं लिहितो.

संध्याकाळी टेस्टरबाई घरी आल्या. कोटाचं अस्तर उसवलंय, तुमच्या मिसेसना दाखवायचंय म्हणाल्या. मी म्हटलं, बसा, ती मशीनपाशी आहे.

“मग आत जाते.”

“अहो, कामात आहे. मला सांगा, मी चिठ्ठी करतो.”

त्यांनी हातातला कोट खाली ठेवला. “तुम्ही तिला शेवटचं कधी बघितलंत?”

काय हा प्रश्न! मी पुठ्ठ्याची चिठ्ठी काढून दाखवली. पाठीवर एकसष्ट खुणा आहेत, घरातली सर्वांत विश्वासार्ह चिठ्ठी. टेस्टरबाईंनी ती हातातही घेतली नाही. सरळ गेल्या आणि दार उघडलं.

मशीनवर झाकण होतं. दिवाणावर घडी घातलेलं पांघरूण. भिंतीवरच्या खिळ्याला मोठी कात्री नव्हती, इंचपट्टी नव्हती. खोली इतकी नीटनेटकी मी कधीच पाहिली नव्हती. टेबलावर रजिस्टर उघडं पडलं होतं.

मी हाक मारली. रिकाम्या खोलीत, झाकलेल्या मशीनकडे बघून, मोठ्याने. टेस्टरबाई खाली बघायला लागल्या.

रजिस्टरमध्ये हिच्या बारीक अक्षरात एवढंच होतं :

8 – जाऊ का? विचारलं. ‘चिठ्ठी कर.’ केली.

10 – जेवताना विचारलं. ‘खोका बघ.’

12 – ठिणगीला विचारलं, मी गेले तर चालेल का. ‘आई, त्याची चिठ्ठी आहे का?’

15 – चिठ्ठी टाकली. पाठ कोरी.

18 – म्हटलं, आता उलटं करून बघू. त्यालाच विचारलं, तुला मला काही विचारायचंय का. नाही म्हणाला.

20 – जाते. 31 तारखेनंतर पुढच्या गावी. पत्ता मागच्या पानावर. सगळ्यांना सांगून निघाले.

“सांगून?” मी ओरडलो. “कुणाला सांगितलं?”

ठिणगी दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक. “बाबा, गुरुवारी आई माझ्या दारात आली होती. ‘येते गं’ म्हणाली. मी गाणी ऐकत होते. मी चिठ्ठी बघितली, मशीनपाशी लिहिलेलं होतं. मला वाटलं, असेल मशीनपाशी.” आणि ही माझी आगीसारखी पोरगी हुंदके देऊन रडायला लागली.

तीर्थरूप खुर्चीत बसून होते. निरोपाची चिठ्ठी हातात धरून म्हणाले, “फोनवर तीच होती रे. मी तिलाच सांगितलं, की ती घरी आहे.”

फोन लावला, उचलला नाही. दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला : ‘कपडेपट सोडता येत नाही. ठीक आहे मी.’

पाच दिवस. पाच दिवस माझी बायको या घरात नव्हती आणि मी रोज इथे शून्य लिहून त्याखाली रेघ मारत होतो. मला माझीच शरम वाटतेय.

ता. 25, मंगळवार

ऑफिसला गेलो नाही. साहेबांना ताप आलाय म्हणून कळवलं, ते अगदीच खोटं नाही.

उद्या तिच्याकडे जायचं ठरवलं. दोन तासांचं अंतर. ही बातमी फुटताच घरातून प्रश्न यायला लागले. गोळीचा डबा? शाळेच्या फॉर्मवर सही कुणाची? गरम पाण्याचा नळ उजवीकडे की डावीकडे? मी सगळे एका कागदावर उतरवून घेतले. एकतीस झाले. त्यातले सोळा माझे.

ता. 26, बुधवार

सकाळी आठला थांब्यावर उभा राहिलो. फोनवर आमचीच सेवा उघडली. पापणी लवायच्या आत उत्तर : तुमची बस तीन मिनिटांत येत आहे. छाती जरा फुगली, या अवस्थेतही.

सव्वाआठला : तीन मिनिटांत. साडेआठला : तीन मिनिटांत. नऊला थांब्यावर सतरा माणसं होती, आणि सतरा जण फोनकडे बघून एकमेकांना सांगत होते, आली, आली, तीन मिनिटं.

एक आजीबाई पिशवीवर बसल्या होत्या. “कालपण तीनच मिनिटं होती,” म्हणाल्या. “मी परवापासून येतेय. माझी बहीण आजारी आहे हो तिकडे. कुणी केलंय हे यंत्र, कोण जाणे, पण माणूस धीराचा दिसतोय.”

मी मान हलवली. ओळख दिली नाही.

टेस्टरबाईंना फोन केला. त्या माझ्याच फोनची वाट बघत असाव्यात. “डेटाबेस सोमवारी सकाळपासून बंद आहे,” म्हणाल्या. “कुणाला कळलंच नाही. सगळी उत्तरं तुमच्या साठ्यातून चालली आहेत. साहेब कालपर्यंत सगळ्यांना सांगत होते, बघा, एकही तक्रार नाही.”

“आणि तो बंद का पडला?”

“तो हळू का होता, तेच कारण. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला एक अहवाल बनवायला लावला होता. तो रोज दिवसभर तो बनवत बसतो. कुणी वाचत नाही. कुणी थांबवलाही नाही. मी आत्ता तो बंद केला, तर डेटाबेस उठून धावायला लागला. साठ्याची एवढी गरजच नव्हती बघा. फक्त त्याच्याकडे जाऊन बघायचं होतं.”

मी फोन खिशात टाकला. आजींची पिशवी उचलली, आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गणवेशातल्या माणसाला, तोंडाने, विचारलं की ही बस आहे का. तो म्हणाला, “ती सोमवारपासून रद्द आहे. पलीकडच्या रस्त्याने दुसरी जाते. अहो, कालपासून बघतोय मी तुम्हा लोकांना. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

सतराच्या सतरा जण रस्ता ओलांडून गेलो.

नाट्यगृह सापडलं. मागच्या दाराने आत सोडलं. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना टांगलेले कपडे, आणि टोकाला ही. एक धिप्पाड राजा स्टुलावर हात पसरून उभा होता आणि ती गुडघ्यांवर बसून त्याच्या अंगरख्याचा घेर टाचत होती. तोंडात टाचण्या.

तिने मला पाहिलं. हात थांबले नाहीत. नजर माझ्या खिशातून डोकावणाऱ्या कागदावर गेली, आणि तिने भुवया उंचावल्या. किती?

“एकतीस,” मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. एक हात ओठांकडे गेला, पहिली टाचणी काढायला. अठरा वर्षं मी हे बघतोय, बाहेर बसून, घड्याळ लावून. आज पहिल्यांदा समोर उभं राहून बघितलं, तर तिचे ओठ सगळे टोचून टोचून लाल झाले होते. मला रडूच आलं. राजासमोर.

“राहू दे,” मी म्हटलं. कागद चुरगळून खिशात कोंबला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. “टाचण्या माझ्याकडे दे. मी धरतो.”

मग एकेक करून आठ टाचण्या तिने माझ्या तळहातावर ठेवल्या.

“कशी आहेस?” मी विचारलं.

“दमलेय,” ती म्हणाली. लगेच. “आणि इतकी मजेत आहे ना, की तुला काय सांगू.” आणि सांगायला लागली. पहिल्या प्रयोगाला हा राजा दिव्यात आला तेव्हा मागे कुणीतरी ‘अहाहा’ म्हणालं ते, जिन्यात झोपलेल्या प्रधानाचं, आमच्या फोनचं. बोलता बोलता माझ्याकडे हात करायची, मी टाचणी द्यायचो. राजाला दोनदा बसली. सहा आठवडे पुरे करूनच येईन म्हणाली, मी हो म्हटलं. हे हो मी पाच तारखेलाच म्हणायला हवं होतं, तेही सांगितलं.

परतीची बस किती वाजता, ते मी विचारलंच नव्हतं. पुढच्या अंकासाठी घंटा झाली, राजा गेला, नाटकातला नोकर स्टुलावर चढला. मी टाचण्या धरून तिथेच बसलो होतो.